दोन वेगळ्या धातूंचा वेल्ड जोड : ताकद कशी तपासावी?

सोलापुरातील फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये किंवा एखाद्या कारखान्याच्या गुणवत्ता विभागात नव्याने रुजू होणाऱ्याच्या हाती दोन वेगळ्या धातूंचा जोड फार लवकर येतो. टॉवेल-चादरीचे सूत रंगवणारी भांडी स्टेनलेस स्टीलची, म्हणजे बोलण्यातल्या एसएसची असतात, पण त्यांचे पाय आणि सांगाडा साध्या पोलादाचा, म्हणजे एमएसचा असतो. जिल्ह्यातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की दुरुस्तीच्या महिन्यांत एमएसच्या टाकीला एसएसची नळी, एसएसच्या पत्र्याला एमएसचा फ्लँज, बिडाच्या भागाला पोलादी पट्टी अशी कामे एकामागून एक निघतात. या लेखात मुख्यतः एमएस आणि एसएस यांच्या जोडाची ताकद तपासण्याची रीत दिली आहे, कारण नवोदिताला हीच जोडी सर्वाधिक भेटते. तांबे, ॲल्युमिनियम आणि बीड यांच्याबद्दल आवश्यक तेवढेच सांगितले आहे. बॉयलर आणि त्याच्या दाबाखालील वाफेच्या नळ्या मात्र येथे घेतलेल्या नाहीत. तेथे वेल्डरच्या प्रमाणपत्रापासून अखेरच्या तपासणीपर्यंत सर्व काही बॉयलर निरीक्षकांच्या मान्यतेनेच करावे लागते.

आधी हे समजून घ्यावे : नेमके काय तपासायचे?

एकाच धातूचे दोन तुकडे जोडलेले असतात तेव्हा जोडाने किती भार सोसला हा एक आकडा पुष्कळ काही सांगून जातो. वेगळ्या धातूंच्या जोडात तो आकडा अपुरा पडतो आणि प्रसंगी फसवतोही. याचे कारण असे की या जोडातील सर्वांत धोक्याची जागा ही बहुधा वितळलेला धातू आणि न वितळलेला मूळ धातू यांच्या सीमेलगतची एक अरुंद पट्टी असते. या सीमेला पुढे वितळरेषा म्हटले आहे. ती पट्टी मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच रुंद असते, आणि नमुना खेचला असता शेजारचा मऊ धातू आधी ताणला जाऊन तुटला, तर त्या पट्टीची खरी परीक्षा झालेलीच नसते.

म्हणून प्रत्येक चाचणीच्या नोंदीत तीन उत्तरे असली पाहिजेत : जोड किती भारावर तुटला, कोठे तुटला आणि कसा तुटला. यांपैकी दुसरे उत्तर मी सर्वांत मोलाचे मानतो. अनेक ठिकाणच्या छापील तक्त्यांत त्यासाठी रकानाच नसतो. तो नसल्यास हाताने आखून घ्यावा.

पहिली पायरी : दोन्ही धातू कोणते आहेत याची खात्री करावी

मालाबरोबर आलेले गिरणीचे प्रमाणपत्र आणि पत्र्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ज्या ओतीतून तो पत्रा आला तिचा क्रमांक, जुळतो का, हे प्रथम पाहावे. भंगारातून किंवा जुन्या यंत्रातून काढलेला तुकडा असेल तर प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि अशा वेळी चुंबकावर भिस्त ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते. चुंबक एमएसला चिकटतो आणि ३०४ जातीच्या एसएसला साधारणपणे चिकटत नाही हे खरे. पण थंड स्थितीत वाकवलेले किंवा ठोकून आकार दिलेले ३०४ थोडेफार चुंबक धरते, आणि उलट बाजूने २०२ जातीचे स्वस्त एसएसदेखील चुंबकाला दाद देत नाही. बाजारात ३०४ म्हणून २०२ गळ्यात पडणे नवे नाही. मँगनीज आणि मॉलिब्डेनम ओळखणारी रसायनाच्या थेंबांची छोटी संचपेटी मिळते. तिने २०२, ३०४ आणि ३१६ यांच्यात फरक करता येतो. ग्राइंडरच्या ठिणग्याही पाहाव्यात : एमएसच्या ठिणग्या लांब, पिवळ्या आणि टोकाला फुटणाऱ्या असतात, एसएसच्या आखूड आणि तांबूस, तर बिडाच्या मंद लाल आणि चाकाजवळच विझणाऱ्या.

एमएसवर जस्ताचा मुलामा असेल, म्हणजे तो जीआय पाइप किंवा पत्रा असेल, तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा पूर्ण काढल्याशिवाय एसएसशी वेल्ड करू नये. वितळलेले जस्त एसएसच्या कणांच्या सीमांमध्ये शिरून त्याला तडे पाडते, शिवाय त्याचा धूर वेल्डरला तापाने आडवा पाडतो.

दुसरी पायरी : या जोडीत कमकुवत पट्टी का तयार होते, हे जाणून घ्यावे

चाचणी करणाऱ्याने रॉड, म्हणजे वितळून जोडात भरली जाणारी कांडी, कोणता वापरला हे विचारलेच पाहिजे, कारण निम्मे निदान तेथेच होते. एमएस आणि ३०४ यांच्या जोडासाठी ३०९ एल हा रॉड किंवा वायर वापरतात. त्यात सुमारे २४ टक्के क्रोमियम आणि १३ टक्के निकेल असते. वेल्ड करताना मूळ धातूही वितळून त्यात मिसळतो. तयार झालेल्या वेल्डमध्ये ३० टक्के वाटा मूळ धातूंचा, त्यातील अर्धा एमएसचा आणि अर्धा ३०४ चा, असे धरले तर क्रोमियम सुमारे १९.५ टक्के आणि निकेल सुमारे १०.३ टक्के उरते. म्हणजे एमएसची भेसळ होऊनही वेल्ड जवळजवळ ३०४ सारखाच चिवट राहतो. त्याऐवजी ३०८ एल वापरला तर हेच आकडे १६.७ आणि ८.२ वर येतात, आणि अशा मिश्रणात मार्टेन्साइट नावाची कठीण, ठिसूळ रचना तयार होण्याची सीमा अगदी जवळ येते. हात जड पडून एमएस थोडे अधिक वितळले की ती ओलांडली जाते. एमएसचाच साधा रॉड मारला तर क्रोमियम तीन टक्क्यांच्याही खाली राहते आणि एसएसच्या बाजूला वेल्ड तडकण्याची भीती मोठी असते. हा हिशेब चित्ररूपाने दाखवणारा शेफलरचा तक्ता १९४९ सालचा आहे आणि आजही कामाचा आहे. त्याची एक प्रत भिंतीवर लावून ठेवावी.

३०९ एल वापरूनही वितळरेषेच्या एमएस बाजूला एक पट्टी अशी राहतेच की जेथे मिश्रण अर्धवट होते. तेथे क्रोमियम-निकेलचे प्रमाण वेल्डपेक्षा कमी आणि एमएसपेक्षा जास्त असते, आणि तीच मार्टेन्साइटची जागा असते. ती अरुंद असेल तर रोजच्या कामात त्रास देत नाही. शिवाय जोड दीर्घकाळ ३०० अंशांच्या वर तापत राहिला तर एमएसमधील कार्बन हळूहळू क्रोमियमकडे ओढला जातो, त्यामुळे एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला कठीण अशी पट्टी शेजारी शेजारी तयार होते. अशा कामाला निकेल मिश्रधातूचा रॉड लागतो.

इतर जोड्यांचे स्वभाव वेगळे आहेत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पोलाद सुमारे १,५०० अंशांना, आणि दोघे वितळून मिसळले की काचेसारखी ठिसूळ संयुगे बनतात. म्हणून ही जोडी साध्या आर्क वेल्डिंगने जोडतच नाहीत. तांबे आणि ॲल्युमिनियम यांचेही तेच, त्यामुळे वीजजोडणीतील बायमेटल लग, म्हणजे तांबे व ॲल्युमिनियम जोडलेली तारेची टोके, घर्षण वेल्डिंगने केलेले असतात. तांबे आणि पोलाद यांच्यात ठिसूळ संयुग होत नाही, पण वितळलेले तांबे पोलादाच्या कणसीमांत शिरून तडे पाडू शकते. बिडातील कार्बन वेल्डमध्ये आला की वेल्ड कानशीलाही दाद देत नाही इतका कठीण होतो, म्हणून तेथे निकेलचा किंवा निकेल-लोखंडाचा रॉड वापरतात.

तिसरी पायरी : चाचणीचा नमुना प्रत्यक्ष कामासारखाच बनवावा

नमुन्याची पाटी त्याच वेल्डरने, त्याच रॉडने, त्याच करंटवर, त्याच जाडीच्या धातूवर आणि त्याच स्थितीत वेल्ड केलेली असावी. काम उभ्या भिंतीवर असताना नमुना टेबलावर आडवा ठेवून वेल्ड केला, तर त्या चाचणीला अर्थ नाही. साधारण ३०० मिलिमीटर लांब आणि प्रत्येकी १५० मिलिमीटर रुंद अशा दोन पाट्या घ्याव्यात. टॅक, म्हणजे पाट्या जागेवर धरणारे छोटे वेल्ड, मारण्याआधी कडांवरील गंज, तेल, रंग आणि मार्करच्या खुणा साफ कराव्यात. एसएसवर एसएसचाच ब्रश वापरावा. थरांमधील तापमान, म्हणजे पुढचा थर चढवण्याआधीचे जोडाचे तापमान, १५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. ते मोजताना इन्फ्रारेड बंदूक चकाकत्या एसएसवर खरे तापमान दाखवत नाही, बरेच कमी दाखवते, हे लक्षात ठेवून ठरलेल्या तापमानाला वितळणारा तापमानाचा खडू वापरणे बरे.

पाटी थंड झाल्यावर दोन्ही टोकांचे २५ मिलिमीटर काढून टाकावेत, कारण वेल्डची सुरुवात आणि शेवट हे प्रातिनिधिक नसतात. उरलेल्या भागातून खेचण्याचे दोन, वाकवण्याचे चार आणि छेद पाहण्याचा एक असे नमुने निघतात. वाकवण्याचे नमुने या जोडीत वेल्डच्या लांबीच्या दिशेने कापावे लागतात, त्याचे कारण पुढे दिले आहे. त्यामुळे एका पाटीत सर्व नमुने बसत नसतील तर त्याच वेल्डरकडून त्याच वेळी दुसरी पाटी करून घ्यावी. गॅसने एसएस कापता येत नाही, आणि प्लाझ्माने कापल्यास कड तापून कठीण होते, म्हणून पाण्याची धार असलेली बँडसॉ उत्तम. ती नसल्यास प्लाझ्माने जरा सैल कापून प्रत्येक कडेचे किमान तीन मिलिमीटर मशीनवर काढावेत. कापण्यापूर्वीच प्रत्येक तुकड्याच्या एसएस बाजूच्या टोकावर पंचाने खूण करावी. घासून पॉलिश झाल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात आणि मग तुटण्याची जागा कोणत्या बाजूला होती यावर वाद होतो.

चौथी पायरी : डोळ्यांनी आणि डाय पेनिट्रंटने पाहावे

अंडरकट (वेल्डच्या कडेला मूळ धातूत पडलेली खाच), छिद्रे, अर्धवट भरलेला रूट (वेल्डचा तळ), अडकलेला स्लॅग (रॉडच्या लेपाची मळी) हे दोष उजेडात आणि भिंगाने पाहावेत. त्यानंतर पृष्ठभागापर्यंत आलेले तडे शोधण्यासाठी डाय पेनिट्रंट, म्हणजे सर्वजण म्हणतात ती डीपी टेस्ट, करावी. चुंबकीय चूर्णाची चाचणी येथे चालत नाही. एमएस चुंबक धरते आणि एसएस धरत नाही, त्यामुळे दोघांच्या सीमेवर चूर्ण आपोआप गोळा होऊन तड्याचा आभास देते. अल्ट्रासॉनिकही नवोदिताने टाळावे, कारण एसएस वेल्डचे मोठे कण ध्वनिलहरी विखुरतात आणि सीमेवरूनही प्रतिध्वनी येतो.

डीपी करताना लाल द्रव फवारून किमान दहा मिनिटे थांबावे, मग कपड्यावर क्लीनर घेऊन पुसावे. क्लीनर थेट जोडावर फवारल्यास तड्यात शिरलेला द्रवही धुऊन निघतो. पांढरा डेव्हलपर पातळ फवारून पुन्हा दहा मिनिटे वाट पाहावी. या द्रवांची नेहमीची तापमानमर्यादा ५ ते ५२ अंश आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हवाच चाळीस अंशांच्या वर असते आणि उन्हात पडलेली पाटी ५२ अंश सहज ओलांडते. मग द्रव तड्यात शिरण्याआधीच वाळतो आणि तडकलेला जोडही स्वच्छ दिसतो. ही चाचणी सकाळी सावलीत करावी.

पाचवी पायरी : खेचण्याची चाचणी

शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांत यूटीएम, म्हणजे नमुना खेचून भार मोजणारे यंत्र, असते आणि अशा ठिकाणी विनंतीवरून नमुने तपासून मिळू शकतात. ग्राहकाला एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेचा अहवाल हवा असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचीच निवड करावी लागते. कोठेही गेले तरी यंत्राचे कॅलिब्रेशन चालू मुदतीतले आहे ना, हे विचारण्यात संकोच करू नये.

यंत्राकडे जाण्यापूर्वी अपेक्षित भार कागदावर काढून न्यावा. समजा पाटी ६ मिलिमीटर जाड आहे आणि नमुन्याची कमरेची रुंदी २५ मिलिमीटर ठेवली आहे. क्षेत्रफळ १५० चौरस मिलिमीटर झाले. आयएस २०६२ या भारतीय मानकातील ई २५० जातीच्या एमएसची किमान तन्य ताकद, म्हणजे तुटण्याआधी सोसायचा ताण, ४१० मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरला ४१० न्यूटन) आहे आणि ३०४ ची ५१५. दोघांपैकी कमजोर जो, त्याचा आकडा कसोटीला घेतात. म्हणून जोडाने किमान ४१० गुणिले १५०, म्हणजे ६१,५०० न्यूटन, अर्थात सुमारे ६.३ टन भार सोसला पाहिजे. जुन्या तबकडीच्या १०० टनी यंत्रावर हा भार मोजायचा तर त्याची लहान श्रेणी लावून घ्यावी. पूर्ण श्रेणीवर काटा जेमतेम हलतो आणि वाचन विश्वसनीय राहत नाही.

नमुन्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरचा वेल्डचा उंचवटा घासून सपाट करावा. ग्राइंडरच्या रेघा नमुन्याच्या लांबीच्या दिशेने असाव्यात, आडव्या रेघा खाचेचे काम करतात. कमरेची रुंदी आणि जाडी व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान क्षेत्रफळ धरावे. दोन्ही बाजूंची जाडी वेगळी असेल तर जाड बाजू मशीनवर उतरवून सारखी करावी, नाहीतर पकडीत नमुना तिरका बसतो. भार सावकाश आणि एकसारखा वाढवावा आणि नमुन्यासमोर उभे राहू नये.

आता निकाल कसा वाचायचा ते पाहू. वरील उदाहरणातील नमुना ६६ किलोन्यूटनला तुटला तर ताकद ४४० मेगापास्कल झाली. तो एमएसमध्ये, वेल्डपासून दूर, आधी कमरेत बारीक होऊन तुटला असेल तर जोड खेचण्यात उत्तीर्ण आहे. वेल्डबाहेर मूळ धातूत तुटलेला असताना आकडा किंचित कमी भरला, तरी एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या संहितेचा नववा विभाग किमान ताकदीच्या ९५ टक्क्यांपर्यंत तो स्वीकारतो. येथे ती मर्यादा ३८९.५ मेगापास्कल येते. ही सवलत वेल्डमध्ये किंवा वितळरेषेवर तुटलेल्या नमुन्याला नाही. तुकडा वेल्डच्या मध्यातून तुटला आणि आत छिद्रे किंवा स्लॅग दिसला तर दोष वेल्डरच्या हाताचा किंवा ओलसर रॉडचा असतो. परंतु तुकडा वितळरेषेवरूनच, फारसा न ताणता, सपाट आणि चकचकीत दाणेदार पृष्ठ दाखवत सुटला असेल, तर भार ४१० च्या वर भरला तरी मी तो जोड कामावर जाऊ देणार नाही. संहितेच्या आकड्यात तो बसत असेलही. पण सावकाश खेचताना जेमतेम तग धरणारी ठिसूळ पट्टी कंपनात किंवा धक्क्यात तग धरत नाही.

एक विचित्र गोष्ट नवोदिताला गोंधळात टाकते. ३०४ ची तन्य ताकद एमएसपेक्षा जास्त असली तरी त्याचा किमान यील्ड, म्हणजे धातू कायमचा ताणला जाऊ लागतो तो ताण, २०५ मेगापास्कलच आहे, तर ई २५० एमएसचा २५०. त्यामुळे खेचताना एसएस बाजू आधी ताणायला लागू शकते आणि शेवटी तुटते मात्र एमएस. यात काही चुकलेले नाही. एसएस ताणता ताणता कठीण होत जाते. याच कारणाने अशा मिश्र नमुन्याची टक्केवारीतील लांबीवाढ अहवालात देऊ नये. ती ना एमएसची असते, ना एसएसची, ना जोडाची.

सहावी पायरी : वाकवण्याची चाचणी, पण लांबीच्या दिशेने

या जोडीसाठी सर्वांत बोलकी चाचणी कोणती असे विचारल्यास मी वाकवण्याची सांगेन. मात्र ती नेहमीच्या पद्धतीने केली तर काहीच सांगत नाही. नेहमी वेल्ड नमुन्याच्या मध्यावर आडवा असतो आणि नमुना त्या जागी वाकवतात. दोन्ही बाजूंचे धातू सारखे असतील तेव्हा हे योग्यच आहे. ते वेगळे असले की वाक मऊ बाजूकडे सरकतो, वेल्ड साच्याखालून निसटतो आणि शेवटी वाकलेला असतो तो केवळ मऊ धातू. वितळरेषा जवळजवळ सरळच राहते. तांबे-पोलाद जोडीत तर हे डोळ्यांदेखत घडते. म्हणून दोन्ही बाजूंच्या वाकण्याच्या गुणात मोठा फरक असेल तेव्हा संहितेने लांबीच्या दिशेची वाक चाचणी मान्य केली आहे. या नमुन्यात वेल्ड पट्टीच्या लांबीभर मधोमध धावतो, एका कडेला एमएस आणि दुसऱ्या कडेला एसएस असते. पट्टी वाकली की एमएस, वितळरेषा, वेल्ड आणि एसएस या सर्वांना एकाच प्रमाणात ताणले जावेच लागते. जी पट्टी ठिसूळ असेल ती आडवे तडे दाखवते. तिला पळवाट उरत नाही.

चारपैकी दोन नमुने वेल्डचा वरचा भाग बाहेर ठेवून आणि दोन रूट बाहेर ठेवून वाकवावेत. साच्याचा व्यास नमुन्याच्या जाडीच्या चौपट ठेवतात. १० मिलिमीटर जाडीला ४० मिलिमीटरचा साचा आणि आधारांमधील मोकळी जागा सुमारे ६३ मिलिमीटर लागते, आणि १८० अंश वाकवल्यावर बाहेरचा पृष्ठभाग सुमारे २० टक्के ताणला जातो. नमुन्याच्या कडा कानशीने थोड्या गोल कराव्यात. वाकल्यानंतर बाहेरच्या पृष्ठभागावर कोणत्याही दिशेने तीन मिलिमीटरहून मोठा उघडा तडा किंवा दोष नसावा. कोपऱ्यावर सुरू झालेला तडा, तो स्लॅग किंवा अपुऱ्या वितळणीमुळे झाल्याचे दिसत नसेल तर, मोजत नाहीत. भिंग घेऊन वितळरेषेच्या एमएस बाजूवरून सावकाश नजर फिरवावी. तेथे केसासारखे बारीक आडवे तडे ओळीने दिसले, तर प्रत्येक तडा तीन मिलिमीटरहून लहान असला तरी त्याची नोंद करावी आणि पुढची पायरी टाळू नये.

सातवी पायरी : छेद आणि कठीणपणा

जोडाचा आडवा छेद कापून तो पॉलिश पेपरवर क्रमाने ६०० नंबरपर्यंत घासावा. कठीणपणा मोजायचा असल्यास त्याहून बारीक पॉलिश लागते. मद्यार्कात २ ते ५ टक्के नायट्रिक आम्ल मिसळून केलेल्या नायटलने पुसले की एमएस बाजू काळवंडते, वेल्डच्या उष्णतेने बदललेला पट्टा उमटतो, आणि एसएस व वेल्ड उजळ राहतात. रंगांच्या या फरकानेच वितळरेषा स्पष्ट दिसते; ती सलग आहे की मध्ये कोठे काळी फट आहे, हे पाहावे. एसएस बाजूची रचना पाहायची असेल तर १० टक्के ऑक्झॅलिक आम्लात सुमारे ६ व्होल्टवर विद्युत पद्धतीने ती उमटवतात. नायटल ५ टक्क्यांपेक्षा तीव्र करू नये आणि घट्ट बुचाच्या बाटलीत साठवू नये. आतील दाब वाढून बाटली फुटते. हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा यांत सवलत नाही.

कठीणपणासाठी विकर्स पद्धत, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने उमटवलेल्या ठशाच्या आकारावरून मोजण्याची पद्धत, घ्यावी, आणि भार किती घ्यायचा याला येथे फार महत्त्व आहे. २०० विकर्सच्या धातूवर १० किलो भाराचा ठसा सुमारे ०.३ मिलिमीटर रुंद पडतो, म्हणजे आपण शोधत असलेल्या पट्टीएवढा किंवा तिच्याहून मोठा. तो ठसा मऊ आणि कठीण दोन्ही भागांची सरासरी सांगतो. १ किलो भाराचा ठसा ०.१ मिलिमीटरच्याही आत राहतो. ठशांची ओळ वितळरेषेला काटकोनात न घेता तिरकी घ्यावी, म्हणजे ठशांत नियमाप्रमाणे अंतर ठेवूनही त्यातील एखाद-दुसरा नेमका पट्टीवर पडतो. एमएस साधारण १२० ते १६०, ३०४ साधारण १५० ते २०० विकर्स असते. वितळरेषेवर ३५० च्या वर आकडा गेला तर मार्टेन्साइटची पट्टी रुंद आहे असे समजून वाकवण्याच्या निकालाशी ताडून पाहावे. रॉकवेल किंवा हातात धरायचे उडत्या गोळीचे यंत्र या कामाला फार ढोबळ आहे.

प्रयोगशाळा हाताशी नसेल तर

कोन-जोडाची शेडमध्येच करता येणारी परीक्षा आहे. एसएसच्या पाटीवर एमएसची पाटी उभी करून फक्त एका बाजूने वेल्ड करावा, थंड झाल्यावर उभी पाटी घणाने वेल्डच्या दिशेनेच पाडावी, म्हणजे रूट उघडतो. तुटलेल्या पृष्ठावर कोपऱ्यापर्यंत धातू वितळला होता का, स्लॅग अडकला होता का, हे दिसते. वेल्ड एमएसवरून साल सोलल्यासारखा स्वच्छ सुटून आला तर चिकटला होता, वितळला नव्हता.

पातळ पत्र्यांच्या स्पॉट वेल्डला व्हाइसमध्ये धरून पक्कडीने सोलावे. चांगला ठिपका एका पत्र्याला भोक पाडून बटणासारखा दुसऱ्यावर राहतो. त्या बटणाचा व्यास जाडीच्या वर्गमुळाच्या किमान चौपट, म्हणजे १ मिलिमीटर पत्र्याला ४ मिलिमीटर असावा. दोन पत्रे मधोमध सपाट विलग झाले तर तो ठिपका नापास.

तांब्याच्या नळीला पोलादी जोडणी ब्रेझिंगने करताना फॉस्फरस असलेली तांब्याची कांडी वापरलेली नाही ना, हे विचारावे. पोलादाशी तिचे ठिसूळ संयुग होते आणि जोड हाताने मुरडूनही सुटू शकतो. तेथे फ्लक्ससह चांदीची कांडी लागते.

जोड तापणार असेल, पाण्याने भरणार असेल

एमएस एका अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढते आणि ३०४ सुमारे १७. एक मीटर लांबीचा जोड १०० अंश तापला तर दोघांच्या वाढीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, आणि रंगाईचे भांडे रोज तापते-निवते. थंड स्थितीत घेतलेली खेचण्याची चाचणी याबद्दल काहीच सांगत नाही. अशा जोडाचा नमुना कामाच्या तापमानापर्यंत अनेक वेळा तापवून-थंड करून मग डीपी आणि वाक चाचणी घ्यावी.

तयार भांड्याची पाण्याच्या दाबाखालील चाचणी गळती आणि ढोबळ दोष दाखवते, वरील चाचण्यांची जागा घेत नाही. त्यासाठी बोअरचे खारे पाणी तपासल्याशिवाय वापरू नये. एसएससाठी क्लोराइडचे प्रमाण दहा लाख भागांत ५० भागांच्या आत ठेवण्याची रीत आहे. चाचणीनंतर भांडे लगेच रिकामे करून कोरडे करावे, कारण एमएस-एसएसच्या ओल्या जोडात गंज एमएस बाजूलाच झपाट्याने चढतो.

नमुना नापास झाला तर

एक नमुना नापास झाल्यास त्याच पाटीतून तसेच आणखी दोन घेऊन तपासण्याची सर्वसाधारण पद्धत आहे, आणि त्यांपैकी एकही नापास झाला तर ती वेल्डिंगपद्धत बाद धरतात. मात्र पुन्हा तपासण्याआधी कारण शोधावे. छिद्रे किंवा स्लॅग असेल तर रॉड ओव्हनमध्ये सुकवला होता का आणि थरांमध्ये साफसफाई झाली होती का, हे पाहावे. वितळरेषेवर ठिसूळ तुटला असेल तर आधी रॉडच्या डब्यावरचा प्रकार वाचावा, मग करंट कमी करून आर्क एसएसच्या बाजूकडे किंचित झुकवावी, जेणेकरून एमएस कमी वितळेल. तेवढ्याने भागले नाही तर एमएसच्या कडेवर ३०९ एलचे एक-दोन थर आधी चढवावेत, ते मशीनवर सपाट करून डीपीने तपासावेत, आणि त्यानंतर ती कड ३०४ ला ३०८ एलने जोडावी. तेव्हा शेवटच्या जोडात एमएस वितळतच नाही. यांपैकी काहीही बदलले तरी नव्या पाटीवर खेचणे, वाकवणे आणि छेद या तिन्ही चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागतात, आणि जुने तुटलेले तुकडे नव्यांशी ताडून पाहता यावेत म्हणून तेल लावून, नंबर घालून ठेवावेत.